गिटारवर स्वरलेखन पाहताक्षणी वाजवता येण्यासाठी सराव कसा करावा?

मालवणात जवळपास शिक्षक नसल्यामुळे आपण क्लासिकल गिटार टॅबवरून (कोणती तार कुठे दाबायची हे अंकांनी दाखवणाऱ्या लेखनावरून) शिकलात आणि आता पाच रेषांवरील स्वरलेखन पाहताक्षणी वाजवू इच्छिता, असे आपण लिहिले आहे. यातील खरी अडचण स्वर ओळखण्याची नसून जागा निवडण्याची आहे. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते, परंतु गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ हा दुसऱ्या तारेच्या 5व्या, तिसऱ्या तारेच्या 9व्या आणि चौथ्या तारेच्या 14व्या फ्रेटवरही (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले घर) मिळतो; म्हणून प्रारंभी पहिल्या चार फ्रेटांतच राहावे आणि तेथील स्वर पक्के झाल्यावरच पुढच्या पोझिशनकडे, म्हणजे मानेवरील हाताच्या पुढच्या जागेकडे, वळावे. रोज दहा मिनिटे, आपल्या वादनक्षमतेपेक्षा बऱ्याच सोप्या आणि पूर्वी न पाहिलेल्या ओळी, मेट्रोनोम (समान अंतराने ठोके देणारे साधन) अतिशय संथ ठेवून वाजवाव्यात. आपल्याकडच्या भजनात पेटीवाल्याचा स्वर चुकला तरी तो थांबत नाही, कारण ताल पुढे गेलेला असतो. तीच शिस्त येथे हवी, आणि माझ्या मते अचूक स्वरापेक्षाही ती आधी अंगी बाणवावी. नजर डाव्या हाताकडे न वळवता कागदावर एक मात्रा पुढे ठेवावी. स्वरलेखनात वर्तुळातील अंक तार दाखवतो, तर स्वराशेजारचा साधा अंक डाव्या हाताचे बोट.