भक्तिगीत नसलेल्या गाण्यात धार्मिक विषय गोष्टीतून कसा आणायचा, प्रवचन न वाटता?

देवाला बाजूला ठेवा आणि कथेतल्या एखाद्या माणसाला बोलू द्या, प्रवचन आपोआप टळतं. कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेन याचं १९६९चं 'स्टोरी ऑफ आयझॅक' ऐका, देवाच्या आज्ञेवरून अब्राहम आपल्या मुलाचा, आयझॅकचा, बळी द्यायला निघतो ती बायबलमधली कथा, पण सांगतो तो नऊ वर्षांचा मुलगाच, दार हळूच उघडून बाप आत येतो तिथपासून, आणि शेवटी सगळा रोख आजच्या काळात पोरांचे बळी देणाऱ्या मोठ्यांवर. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलननं १९६५ला हीच कथा चक्क हायवेवर नेऊन थट्टेत सांगितली होती, तेही चालतं! फक्त मूळ कथा माहीत नसलेल्यालाही गाणं कळलं पाहिजे, नुसती नावं पेरली तर कोडं होतं.