हायब्रिड गाडीत मॅन्युअल गिअर घेतला तर बॅटरी कमी खर्च होते का?

नाही. उलट मत ठासून मांडणारे माझे साडू इथे इंदूरमध्येच राहतात, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

त्यांची गाडी माइल्ड हायब्रिड (म्हणजे गाडी चालवते पेट्रोल इंजिनच, छोटी मोटर फक्त हातभार लावते), पाच गिअरची मॅन्युअल. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढचा घाट लागला की ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि पेट्रोलही वाचते, बॅटरीही वाचते, असे मागे बसलेल्यांना ऐकवतात. वास्तविक या गाड्यांत स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारी आणि वीजही तयार करणारी मोटर) पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो, चाकांना नव्हे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उताराचा जोर चाकांकडून क्लचमार्गे इंजिनाला आणि तेथून जनरेटरला पोहोचतो, इंजेक्टर पेट्रोल सोडणे थांबवतात आणि बॅटरी फुकटात भरते. न्यूट्रल केले किंवा क्लच दाबून धरला, की हा मार्गच तुटतो आणि इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळते ते वेगळेच. डॅशबोर्डवरचा बॅटरीकडे जाणारा बाण न्यूट्रल करताच नाहीसा होतो, हे मी त्यांना त्याच घाटात दाखवले, तेव्हा "अहो, बाणाने टाकी भरते होय?" असे म्हणून त्यांनी विषय दाल-बाफल्यांवर नेला. ब्रेक तापतात, हे तर त्यांच्या गावीही नाही. गाडीत सासूबाई होत्या, म्हणून मी पुढे बोललो नाही. इथे बोलतो आहे.

ऑटोमॅटिकमध्ये हा उपद्व्याप सहसा कोणी करत नाही, त्यामुळे चार्जिंग चालकाच्या सवयीवर फारसे अवलंबून राहत नाही. मायलेजमध्ये मात्र मॅन्युअल किंचित पुढे असू शकते: माइल्ड हायब्रिड ग्रँड विटाराचे जाहीर झालेले मायलेज मॅन्युअलला लिटरमागे 21.11 किलोमीटर, तर ऑटोमॅटिकला 20.58 आहे. त्याच गाडीच्या स्ट्राँग हायब्रिडला (जी नुसत्या मोटरवरही धावू शकते) 27.97 मिळते, पण तेथे निवडीचा प्रश्नच नाही, कारण तिच्या ई-सीव्हीटी या ऑटोमॅटिक पेटीत इंजिन आणि मोटर यांची वाटणी संगणक करतो. होंडाने 1999 च्या इनसाइटला पाच गिअरची मॅन्युअल पेटी दिली होती आणि तिचे मायलेज पुढे आलेल्या सीव्हीटीपेक्षा (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक पेटीपेक्षा) चांगले होते, हा साडूंचा आवडता दाखला खरा आहे. परंतु तिची मोटरही क्लचच्या अलीकडे, इंजिनालाच जोडलेली होती, म्हणजे न्यूट्रलचा तोटा तिलाही चुकला नव्हता.

माइल्ड हायब्रिडची बॅटरी छोटी असते, त्यामुळे या साऱ्याने पेट्रोलच्या बिलात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. टोयोटाच्या ई-सीव्हीटीतही न्यूट्रलमध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही, तेव्हा राजवाड्याच्या गर्दीत अडकलात तर गाडी डी (ड्राइव्ह) किंवा पी (पार्क) मध्येच ठेवावी.