एम.ए. काउन्सेलिंग सायकॉलॉजीत नेमकं काय शिकवतात? कोर्स संपेपर्यंत अंगी काय यायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालंय, मैत्रिणी मन मोकळं करायला तुमच्याकडेच येतात, 'तू छान ऐकून घेतेस' असं सगळे म्हणतात, म्हणून समुपदेशनात एम.ए. करावं असं वाटतंय. तिथे काय शिकवतात, कोणत्या क्षमता लागतात, कॉलेज कसं निवडायचं?

मी पुण्यात बारा वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आणि गेली काही वर्षं एम.ए.च्या मुलामुलींना सुपरव्हिजन देते, म्हणजे त्यांनी केलेलं समुपदेशन तपासून त्यांना मार्गदर्शन करते. सांगते.

आधी ते 'छान ऐकून घेतेस' बाजूला ठेवू. मैत्रिणीचं ऐकताना तुम्ही तिची बाजू घेता, 'सोड गं त्याला' म्हणता, मधेच स्वतःचा किस्सा सांगता, कंटाळा आला की विषय बदलता. मैत्रीत हे सगळं चालतं, चालायलाच हवं. क्लायंटसमोर यातलं काहीच चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये सगळ्यात जास्त धडपडतात त्या अशाच, घरीदारी 'आमची समजूतदार' म्हणून नावाजलेल्या मुली. सल्ला न देता पन्नास मिनिटं बसायचं म्हणजे त्यांना आपण काहीच करत नाही असं वाटतं. मीही त्यातलीच होते.

पहिल्या सहामाहीत बहुतेक ठिकाणी तिघांचे गट करतात. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक, मग आळीपाळीने जागा बदलायच्या. त्यानंतर येतं व्हर्बेटिम. परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि घरी बसून शब्दन् शब्द उतरवून काढायचा. तुमचं 'हं', क्लायंटचं गप्प बसणं, तुम्ही मधेच तोडलेलं वाक्य, सगळं. चाळीस मिनिटांचं सेशन उतरवायला माझी अख्खी रात्र गेली होती. सुपरव्हायझर बाईंनी ते वाचलं आणि माझ्या एका प्रश्नाखाली लाल पेनने लिहिलं, 'हे तिच्यासाठी विचारलंस की तुला उत्सुकता होती म्हणून?' मी विचारलं होतं, 'मग तुझ्या नवऱ्याला कळलं का?' ते तिच्यासाठी अजिबात नव्हतं. बारा वर्षं झाली, अजूनही अधूनमधून तो लाल पेन माझ्या मागे उभा असतो.

ही पद्धत काही नवी नाही. कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या सुमाराला सेशन तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि १९४२ साली एक संपूर्ण केस शब्दशः छापली. तोवर थेरपीच्या खोलीत काय झालं हे थेरपिस्टच्या आठवणीवर अवलंबून असायचं, आणि आठवण नेहमी आपल्या बाजूनेच साक्ष देते. माझ्या मते या प्रशिक्षणाचा कणा हाच आहे. तुम्हाला कुणीतरी काम करताना बघतं, ऐकतं, आणि तुम्हाला ते सोसायला शिकावं लागतं. सिद्धान्त पुस्तकातूनही वाचता येतात.

कोर्स संपेपर्यंत काय यायला हवं, हे सगळ्यात नीट लिहून ठेवलंय ते अमेरिकेत. तिथे काउन्सेलिंग सायकॉलॉजी ही मुळात डॉक्टरेटची शाखा. अभ्यासक्रमाला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता हवी असेल, तर त्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ क्षमतांमध्ये किमान पातळी गाठावी लागते: संशोधन, नीती आणि कायदा, व्यक्तींमधलं आणि संस्कृतींमधलं वेगळेपण, व्यावसायिक वृत्ती, संवाद, मूल्यमापन, प्रत्यक्ष उपचार, सुपरव्हिजन आणि इतर व्यावसायिकांबरोबर सल्लामसलत. यादी वाचून कुणाच्याही पोटात गोळा येणार नाही. खरी मेख पुढे आहे. प्रॅक्टिकममधलं, म्हणजे शिकताना खऱ्या क्लायंटबरोबर केलेल्या कामाचं, प्रत्येक मूल्यमापन काही अंशी तरी प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेलं असावं लागतं. म्हणजे सुपरव्हायझरने तुम्हाला समोर किंवा रेकॉर्डिंगवर बघितलेलं असायला हवं. तुम्ही येऊन 'सेशन छान झालं' असं सांगितलेलं धरत नाहीत.

तुम्ही परदेशाचा विचार करत असाल तर एक फरक आत्ताच लक्षात घ्या. अमेरिकेतलं काउन्सेलिंगचं मास्टर्स ही वेगळी वाट आहे आणि त्याची मान्यता बरेचदा सीएसीआरईपी नावाच्या संस्थेकडून येते. तिच्या नियमांनुसार प्रॅक्टिकमचे १०० तास, त्यातले ४० क्लायंटसमोर, मग इंटर्नशिपचे ६०० तास, त्यातले २४० क्लायंटसमोर. ते करून तुम्ही परवानाधारक समुपदेशक होण्याच्या वाटेला लागता, सायकॉलॉजिस्ट होत नाही. लाखो रुपये भरून झाल्यावर हे कळलेली एक मुलगी माझ्या ओळखीची आहे.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे शिक्षण होतं इंग्रजीत आणि समोर बसलेली बाई रडते मराठीत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं निम्मं प्रशिक्षण यातच जातं. त्यांना भावना ओळखून परत बोलून दाखवायला शिकवलेलं असतं, आणि ते इंग्रजी वाक्य तसंच्या तसं मराठीत ओततात: 'मला असं ऐकू येतंय की तुम्हाला एकटं वाटतंय.' एकदा एक ताई यावर भांबावून म्हणाल्या, 'का, येत नाही का नीट ऐकू? जोरात बोलू?' आम्ही नंतर हसलो खरं, पण त्या मुलाला तेच मराठीत म्हणायला दोन महिने लागले. 'घरात माणसं आहेत, पण बोलावं असं कुणी नाही, असं झालंय का?' एवढंच ते होतं.

किंवा 'जीव घाबरा होतो' घ्या. 'मन थाऱ्यावर नाही', 'कशात जीव रमत नाही', 'डोकं बधिर झालंय', 'अंगातलं त्राण गेलंय' हे सगळं एकच नाही. यातल्या प्रत्येकाला पुढे विचारावं लागतं: कधी होतं, किती वेळ राहतं, तेव्हा काय करता. एका विद्यार्थ्याने 'जीव घाबरा होतो' ऐकलं आणि फायलीत थेट अँग्झायटी लिहून मोकळा झाला. छातीतली धडधड, उतरलेलं वजन, हातांची थरथर हे त्या क्लायंटने सांगितलं होतं, व्हर्बेटिममध्ये होतंसुद्धा. फिजिशियनकडे पाठवल्यावर निघाला थायरॉइड. मूल्यमापनाची क्षमता म्हणजे ढीगभर चाचण्या देता येणं, असा मुलांचा समज असतो. तिचा मोठा भाग हा आहे: हे माझ्या खोलीतलं आहे की दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं आहे, हे ओळखणं.

सगळ्यात अवघड वाक्य आत्महत्येबद्दलचं. मुलं विचारतात, 'तसलं काही नाही ना मनात?' हा प्रश्नच 'नाही' मागतो. समोरचा माणूसही सभ्यपणे 'नाही' म्हणतो आणि दोघेही सुटतात. म्हणून मी वर्गात दारं लावून सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेते: 'जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?' 'जीव द्यावासा वाटतो का?' वीस-वीस वेळा. पहिल्यांदा जीभ वळत नाही, कुणीतरी फिसकन हसतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. असं थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार तिथे शिरतो, ही भीती खोटी आहे; उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. पुढचं मग पायरीपायरीने: विचार आहे की बेत आहे, घरात कोण आहे, आज रात्री सोबत कोण असेल, मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी न्यायचं. हे एकट्याने ठरवायचं नसतं, त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करायचा. हे न येता कोणी इंटर्नशिपला गेलं तर मला झोप लागत नाही.

त्या नऊ क्षमतांमधलं 'संस्कृतींमधलं वेगळेपण' आपल्याकडे आलं की त्याचं नाव होतं 'जात'. (पुढचे तपशील बदललेत.) स्पर्धा परीक्षेसाठी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा. खोलीतल्या पोरांनी आडनाव विचारलं, त्यानंतर त्यांचं वागणं बदललं, असं तो सांगत होता. माझी विद्यार्थिनी मनापासून म्हणाली, 'पण हल्ली तसं कुठे असतं?' तिच्या घरी खरंच कधी जातीचा विषय निघाला नव्हता. न निघणं हीसुद्धा एक सोय असते, हे तिला ठाऊक नव्हतं. तो पुन्हा आला नाही. रेकॉर्डिंगमध्ये तिच्या त्या वाक्यानंतर अकरा सेकंद शांतता आहे, आणि मग तो म्हणतो, 'हो, तसं काही नसेल.' आम्ही ती अकरा सेकंदं पुन्हा पुन्हा ऐकली. कुठल्याही पेपरात त्या मुलीला पैकीच्या पैकी मिळाले असते.

नीती आणि कायदा हा पेपर मुलं रट्टा मारून काढतात. नका मारू, कारण पहिल्याच महिन्यात गाठ पडते. आई मुलीला घेऊन येते, बाहेर बसते आणि सेशन संपल्यावर हळूच विचारते, 'मॅडम, काय म्हणाली हो ती?' काय सांगायचं? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. पण क्लायंट अठराच्या आतला असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे 'इथलं इथेच राहील' असं सरसकट वचन द्यायचं नसतं. काय राहील आणि काय राहणार नाही, हे पहिल्या भेटीतच तेरा वर्षांच्या मुलीला कळेल अशा मराठीत सांगायचं. ते वाक्य तयार करून बघा आत्ता, किती अवघड आहे ते कळेल.

पदवीने काय मिळत नाही, तेही सांगते. एम.ए. काउन्सेलिंग करून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. आरसीआयच्या १९९२च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पाटीवर काय लिहिताय ते जपून लिहा. समुपदेशकांचं बरीच वर्षं कुणालाच सोयरसुतक नव्हतं. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मात्र वर्तन-आरोग्याच्या गटात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आले आहेत. त्याचाच परिणाम म्हणून यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. कुणी 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी' म्हणत असेल तर दोनदा चौकशी करा. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल मी काही लिहीत नाही, माझं रक्त उसळतं.

स्वतः थेरपी घेणं आपल्याकडे सगळीकडे सक्तीचं नाही, पण घ्या. वडिलांच्या दारूबद्दल कधीच न बोललेली मुलगी दारुड्या नवऱ्याची गोष्ट ऐकताना एकतर कठोर होते किंवा विरघळते. दोन्ही वेळा क्लायंट बाजूला राहते. खर्चाचा प्रश्न असतो, मला माहीत आहे. काही संस्था विद्यार्थ्यांना कमी फी लावतात, विचारायला लाजू नका.

कॉलेजबद्दल नाव घेऊन सांगणार नाही, कारण एकाच ठिकाणी एका वर्षी उत्तम सुपरव्हायझर असतात आणि पुढच्या वर्षी ते सोडून जातात. इमारत, प्लेसमेंटचा फलक, परदेशी पाहुण्यांचे फोटो यावर जाऊ नका. क्लायंट कुठून येतात ते विचारा: शाळा, सरकारी रुग्णालय, वस्तीतलं केंद्र, की एकमेकांनाच क्लायंट करून तास भरतात? एका सुपरव्हायझरमागे किती विद्यार्थी? आठवड्याला ठरलेला तास आहे की 'काही अडलं तर भेटा'? हे प्राध्यापकांना विचाराल तर माहितीपत्रकातलं उत्तर मिळेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि एवढंच विचारा: 'तुमचं शेवटचं व्हर्बेटिम कोणी वाचलं, आणि त्यावर काय लिहिलं?' ज्याचं नीट वाचलं गेलंय त्याला ते वाक्य तोंडपाठ असतं, आणि तो जरा चिडूनच सांगतो. तिथे फॉर्म भरा.