कराड-चिपळूण रस्ता : कोयनेच्या काठाने कोकणात

कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता नेमका कसा जातो, किती जुना आहे आणि त्याला कुणी राज्यमार्ग तर कुणी राष्ट्रीय महामार्ग का म्हणतं, असं तुम्ही विचारलंय. मी पाटण खोऱ्यातला, त्यामुळे हा रस्ता जिव्हाळ्याचा.

आधी नंबराचं सांगतो. गुहागर-चिपळूण-कराड-विटा-जत-विजापूर असा हा सलग मार्ग. पूर्वी तो राज्यमार्ग ७८ होता, आता राष्ट्रीय महामार्ग १६६ ई आहे. जुन्या नकाशांत ७८ च सापडतो.

आता वाट. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत येते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. रस्ता नदीच्या उलट दिशेने मल्हारपेठ, पाटण करत हेळवाकला येतो. साताऱ्याची मंडळी उंब्रजवरून मल्हारपेठेत येऊन मिळतात. खोरं रुंद असल्यामुळे इथवर चढ फारसा जाणवत नाही. सगळा कडा पश्चिमेच्या अंगाला, तो हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटाने उतरायचा. घाट उतरलात की पोफळी, शिरगाव, खेर्डी आणि चिपळूणचा बहादूरशेख नाका, तिथे मुंबई-गोवा महामार्ग भेटतो. पुढे मार्गताम्हाणे, शृंगारतळीवरून गुहागर.

या मोकळ्या खोऱ्यामुळेच वाट जुनी आहे. चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीच्या खाडीत गोवळकोटच्या धक्क्याला गलबतं लागायची. मीठ, सुकी मासळी वर यायची. गूळ, मिरची, धान्य खाली जायचं. आधी हे सगळं बैलांच्या पाठीवरून, मग इंग्रजी अमदानीत गाडीरस्ता झाला. घाटाच्या दोन्ही बाजूंना जंगली जयगड आणि भैरवगड हे किल्ले उभे आहेत, ते उगाच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज रेल्वे आली, देशावरचा माल रेल्वेने मुंबईला जाऊ लागला आणि या वाटेचा तो व्यापार ओसरला.

मला मात्र सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याची. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं कोयनेचं पाणी धरणात अडवून बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातल्या पोफळीच्या वीजघरात सोडलं जातं, आणि तिथून ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे बैलांनी जिथे डोंगर ओलांडला, त्याच भागात नदीलाही माणसाने डोंगर ओलांडायला लावलं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. त्यासाठी शिवसागर जलाशयाखाली गावंच्या गावं गेली, माणसं दूरदूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने धरणाजवळचं कोयनानगर उद्ध्वस्त केलं. आमच्याकडची वयस्कर माणसं अजून 'भूकंपाआधी' आणि 'भूकंपानंतर' असंच साल सांगतात.

जाणार असाल तर दिवसाउजेडी जा. पावसाळ्यात घाटात धुकं इतकं दाट असतं की पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसतो, आणि दरडही कोसळते. जुलै-ऑगस्टमध्ये घाट चालू आहे का, हे पाटण किंवा चिपळूणच्या एसटी स्टँडवर विचारूनच निघा.