फ्रिज जळाला, आग विझवली, पण घरात धूर खूप झाला होता. आता काही धोका आहे का?

तुम्ही लिहिलं की रात्री फ्रिजच्या मागून पेट घेतला, मेन स्विच पाडून माती टाकून विझवला, भाजलं कोणालाच नाही, पण आजी त्याच खोलीत झोपल्या होत्या आणि सकाळपासून त्यांना खोकला आहे, डोकं जड आहे, आवाज बसला आहे, आणि घरचे म्हणून राहिले की ऑक्सिमीटर ९८ दाखवते म्हणजे काही झालं नाही. भाऊ, बाकी उत्तर नंतर वाचा, आधी आजीला दवाखान्यात न्या. आजच. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

ऑक्सिमीटरवर तर बिलकुल जाऊ नका. कोरोनापासून घरोघरी तो चिमटा आला आणि लोकांचा त्याच्यावर भल्ला विश्वास बसला, पण ते साधं मशीन बोटातून उजेड टाकून रक्ताच्या रंगावरून अंदाज काढते. धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तात चढला तरी रक्त लालच दिसते, मशीनला वाटते ऑक्सिजनच आहे, आणि माणूस आतून गुदमरून राहिला तरी आकडा ९८ चा ९८. हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरात चिकटतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना तसा तो जागा धरून बसतो, मग ऑक्सिजन आला तरी उभाच. साध्या हवेत हा गॅस निम्मा उतरायला ४ ते ६ तास लागतात, तोंडाला मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासात निम्मा होतो, म्हणून लवकर जायचं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की फ्रिज जळाला, खोली बंद होती, आजी अंदाजे इतका वेळ आत होत्या, आणि कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात हा गॅस किती चढला, ते तपासता येते का ते विचारा. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) ही तपासणी नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजला पाठवतील, पण तोवर ऑक्सिजन चालू ठेवायला सांगा. आणि आवाज बसला आहे हे मुद्दाम सांगा. आवाज घोगरा होणं, नाकात काजळी दिसणं, थुंकी काळी येणं, ही श्वासाची नळी आतून सुजत असल्याची खूण असू शकते. सकाळी बरं वाटते आणि रात्री दम लागते असंही होते, फुफ्फुसात पाणी भरायला कधी कधी एक दिवसही लागतो.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फ्रिज-कूलर दुरुस्तीचं काम करतो, जळालेला माल माझ्याकडंच येतो, म्हणून या धुरात काय काय असते ते मला समजून घ्यावंच लागलं. आपल्या लोकांची गोष्ट अशी आहे की आपण चुलीच्या धुरात वाढलो. तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, डोळ्यांतून पाणी काढायचं आणि स्वयंपाक करायचा. म्हणून धूर म्हटलं की माणूस म्हणते, अरे धूरच तर आहे, जाईन निघून. चुलीचाही धूर चांगला नाहीच, पण फ्रिजचा धूर ही वेगळीच चीज आहे.

फ्रिज मागून उघडून पाहा कधी. पत्रा आणि आतल्या प्लास्टिकच्या मधात पिवळट, हलका, बोटानं दाबला की चुरा होणारा फोम भरलेला असते, त्याला आम्ही पफ म्हणतो. थंडी टिकते ती त्याच्यामुळं. हा पॉलियुरेथेन फोम पेटला की कार्बन मोनॉक्साईडसोबत हायड्रोजन सायनाईड निघते, हो, तेच सायनाईड, आणि त्याचं काम असं की रक्तात ऑक्सिजन असला तरी शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार. वायरवरचं आवरण पीव्हीसीचं. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असते, ते तापलं की ज्योत दिसायच्या आधीच हायड्रोजन क्लोराईड सुटते, आणि ते घशातल्या, छातीतल्या ओलीला लागलं की ॲसिड तयार होते. तो जो टोचणारा, आंबूस, नाकात झोंबणारा वास तुम्हाला आला असेल तो बहुतेक त्याचाच. नव्या फ्रिजमध्ये थंड करायला आर ६०० ए गॅस असते, तो म्हणजे आयसोब्युटेन, ठिणगी लागली की पेटणारा. थोड्या जुन्या मॉडेलमध्ये आर १३४ ए, तो सहसा पेटत नाही, पण ज्वाळेत सापडला की फुटून हायड्रोजन फ्लोराईड होते, ते आणखी वाईट. सर्किट, प्लग, टीव्हीचं कॅबिनेट अशा प्लास्टिकमध्ये आग लवकर लागू नये म्हणून कधी कधी ब्रोमिनची रसायनं टाकलेली असतात, पण एकदा पेटलंच तर धूर त्यांच्यामुळं जास्तच विषारी होते. झोंबणारा वास निदान सावध तरी करते. कार्बन मोनॉक्साईडला वासच नाही, रंग नाही, माणूस झोपेत असला तर जागाच होत नाही.

भंडाऱ्याचं आठवते का? ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षाला पहाटे आग लागली, १० बाळं गेली. त्यातली बरीच भाजून नाही, धुरानं गुदमरून गेली. दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये १९९७ ला ५९ माणसं गेली, तिथंही आग खाली ट्रान्सफॉर्मरला होती आणि मरण वर धुरानं आलं. आपण मात्र आग किती मोठी होती तेच विचारतो, धूर किती होता आणि दार बंद होतं का हे कोणी विचारत नाही.

आणि आपल्याकडं दार बंदच असते. मे महिन्यात ४५-४६ च्या उन्हात खिडक्यांना पोते लावलेले, रात्री चोराच्या भीतीनं कड्या लावलेल्या. त्यात खिडकीतला कूलर. कूलरची मोटर किंवा पंपाची वायर जळाली तर धूर बाहेर जात नाही, पंखा फिरत असेपर्यंत तो सरळ खोलीत फेकते, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर. म्हणून कूलरमधून जळका वास आला की उठून पाण्याची टाकी पाहात बसू नका, आधी बोर्डाचं बटन बंद करा आणि माणसं बाहेर काढा.

ही आग लागते काहून, तर बहुतेक वेळा लाईनमुळं. गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त, व्होल्टेज पडते, कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर लावते आणि होत नाही, करंट कितीतरी जास्त ओढते, सैल पिन किंवा जुनं सॉकेट तापते. लाईन जाऊन येऊन राहिली असेल तेव्हा फ्रिज बंद करून पाच मिनिटं थांबून लावावा. स्टॅबिलायझर चांगला घ्या, आणि मागं उंदरांनी वायर कुरतडली का ते अधूनमधून टॉर्च लावून पाहा.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे, कारण ती आपल्याच भागातली आहे. भाव येईन म्हणून कितीतरी कास्तकार कापूस घरातच भरून ठेवतात, आणि फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर त्याच खोलीत. कापूस वरून विझला वाटते पण आतून धुमसत राहते, ज्वाळ नाही, फारसा धूरही दिसत नाही, आणि तसं धुमसतांनाच कार्बन मोनॉक्साईड जास्त निघते. तुमच्या खोलीत कापूस असेल आणि त्याला ठिणगी लागली असेल तर आज रात्री त्या घरात कोणी झोपू नका. दारं सताड उघडी ठेवा, आत हात घालून उपसत बसू नका, फायर ब्रिगेडला १०१ वर नाहीतर ११२ वर सांगा. आणि आग चालू असतांना कपाटातले कागद, सातबारा, दागिने आणायला परत आत जाणारे लोक पाहून माझा जीव तुटते. ओला रुमाल तोंडाला बांधला तर काजळी थोडी अडेन, कार्बन मोनॉक्साईड अडत नाही. सातबारा परत निघते.

घर धुवायचं विचारलं तुम्ही. काजळी कोरड्या झाडूनं झाडू नका, ती उडून परत छातीत जाते. पूर्ण हवा खेळू द्या, मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा. या काजळीत ॲसिडचा अंश असते, जळालेल्या घरात कपाटाच्या कड्या, स्टीलचे डबे थोड्याच दिवसांत गंजलेले मी पाहिले आहेत, म्हणून भांडी लवकर धुवा. उघडं ठेवलेलं पीठ, भाजी, माठातलं पाणी फेका. लहान लेकरं आणि आजी घर पुसून होईपर्यंत शेजारी राहू द्या. आजीला पुढचे तीन-चार आठवडे नजरेखाली ठेवा. काही लोकांना हा गॅस उतरल्यावर बऱ्याच दिवसांनी विसरायला होते, चालतांना तोल जाते, तसं दिसलं तर म्हातारपण म्हणून सोडू नका, परत दाखवा आणि धुराची गोष्ट सांगा.

आता जळालेला फ्रिज आंगणात पडला असेल. त्यातली वायर तांब्यासाठी जाळू नका आणि पोट्ट्यांना जाळू देऊ नका. प्रत्येक गावाच्या मागं नाल्याकाठी हे चालू आहे, चार पोट्टे वायरचा गुंडाळा पेटवून भोवती बसतात. पीव्हीसी आणि तांबं सोबत जळलं की डायॉक्सिन बनते, त्यातल्या सगळ्यात विषारी प्रकाराला १९९७ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं. ते राखेतून मातीत, गवतात, तिथं चरणाऱ्या गाईच्या दुधात येते. सोललेल्या तांब्याला भंगारात जळालेल्या तांब्यापेक्षा भाव बराच मिळते, तर ब्लेडनं सोला. फ्रिज न फोडता अख्खाच द्या, कॉम्प्रेसरची नळी घरी कापू नका, आत गॅस राहिला असू शकते, आणि गॅस ६०० ए असेल तर एक ठिणगीही पुरते.