वूस्टरशरला येताय ना? मग स्वयंपाकघरापासून सांगते

तू लिहिलंयस, "काकू, यांना वूस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे, सप्टेंबरच्या शेवटी निघतोय. मी शाकाहारी, हे सगळं खातात, मुलगी सहा वर्षांची. शहरात राहावं की गावात? तिथे आपला स्वयंपाक नीट होतो का? काय काय बांधून आणू? आणि तिथले लोक पबमध्ये जेवायला बोलावतात म्हणे, मी तिथे जाऊन काय करू?"

काकू म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते. आम्हाला सांगलीहून इथे इंग्लंडमध्ये येऊन १६ वर्षं झाली, त्यातली १४ वूस्टरशरमधल्याच ईव्हशमजवळच्या एका खेड्यात गेली. राहायचं कुठे ते गाडीवर ठरव. दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल तर पहिलं वर्ष वूस्टर शहरातच घर घ्या. खेड्यात बस दिवसातून मोजक्याच, आणि मुलीला शाळेतून आणायचं म्हटलं तरी तू अडकून पडशील. खाण्याचं मात्र कुठेही राहिलीस तरी अडणार नाही. त्याबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

खेड्यात आल्यावर पहिली दोन वर्षं मी दर पंधरवड्याला बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवर जाऊन पिशव्या भरून आणायची. गोठवलेली तोंडली, गोठवलेल्या शेवग्याच्या शेंगा, खवलेला नारळ. फ्रीजर भरलेला असायचा आणि जेवताना वाटायचं, कशालाच चव नाही. मग एका मे महिन्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. दुसऱ्याच दिवशी फिरून आल्यावर विचारलं, "समोरच्या शेतात जमिनीतून नुसते कोंब वर आलेत, ते कशाचे?" दोन वर्षं त्या शेतावरून जात होते, मला सांगता येईना. ते अ‍ॅस्परॅगस होतं. ईव्हशमचं खोरं त्यासाठीच नावाजलेलं आहे. शेताच्या फाटकाशी जुड्या विकायला ठेवलेल्या असतात, त्यातली एक त्यांनी आणायला लावली. बुडखा वाकवला की जिथे आपसूक मोडतो तिथून वरचं कोवळं घ्यायचं. त्याचे तुकडे करून मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांच्या फोडणीवर चार मिनिटं परतले आणि वरून थोडं बेसन पेरलं. अगदी कोवळ्या फरसबीच्या आसपासची चव. जून सरता सरता तोडणी थांबली, राहिलेल्या कोंबांना पिसांसारखी बारीक पानं फुटली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर शतावरीची बहीण!" खरंच एकाच कुळातल्या आहेत त्या.

त्या उन्हाळ्यानंतर माझं स्वयंपाकघर बदललं. म्हणून तुला पहिलं हेच सांगते, मसाले आपले आण, भाजी इथली घे, आणि ती तिच्या दिवसांत घे. इथे ऋतू हातातून पटकन निसटतात. अ‍ॅस्परॅगसचा हंगाम २३ एप्रिल, म्हणजे सेंट जॉर्जच्या दिवसापासून २१ जूनपर्यंत मानतात. दोन महिने पोटभर खायचं, मग पुढच्या वर्षीच. नंतर दुकानात परदेशातून आलेलं मिळतं, पण त्यात ती गोडी नाही.

आंबटासाठी इथे दोन वस्तू आहेत, त्या तुला फार उपयोगी पडतील. एक रूबार्ब. दिसायला लालसर अळूचे देठ. जानेवारी ते मार्चमध्ये येतो तो यॉर्कशरमध्ये वेकफील्डच्या बाजूला अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेला, गुलाबी आणि नाजूक. त्याची काढणी मेणबत्तीच्या उजेडात करतात, कारण प्रकाश लागला की देठ जून होतात. एप्रिलनंतर परसातला येतो, जाडजूड आणि जास्त आंबट. इथले लोक साखर घालून त्याचा गोड पदार्थ करतात, मी आमटीत आमसुलाऐवजी घालते, किंवा अंबाडीच्या भाजीसारखा तांदळाच्या कण्या, लसूण आणि वर चरचरीत तेल घालून करते. पानं मात्र विषारी असतात, ती काढून टाकायची. परसातून कुणी अख्खा जुडगा दिला तर विसरू नकोस.

दुसरं ब्रॅमली सफरचंद. हे कच्चं खायचं नाही, रांधायचं. मोठं, हिरवं, दात आंबवणारं. याचं मूळ झाड १८०९ मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी एका मुलीने बी पेरून लावलं. पुढे घर दुसऱ्याच्या मालकीचं झालं आणि फळाला त्या मालकाचं नाव मिळालं, याचं मला अजून वाईट वाटतं. ब्रॅमली शरदात उतरतं, पण शीतगृहात टिकत असल्यामुळे चैत्रातही मिळतं. इथे कैरी मिळाली तर मिळाली, पण चैत्रगौरीची आंबेडाळ मी दरवर्षी ब्रॅमली किसून करते. किसल्याबरोबर डाळीत मिसळायचं, नाहीतर काळं पडतं. शिजवलं की ते फेसासारखं विरघळतं, त्यामुळे पन्ह्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. मेथांब्यात मात्र फोडी उरत नाहीत, मोरंब्यासारखा लगदा होतो. चव पुरेपूर तीच.

बाकीचं भरभर सांगते. एप्रिलमध्ये जंगलात रानलसणाचा वास दरवळतो. त्याची पानं थालीपिठात फार छान लागतात, पण त्याच जागी तशीच दिसणारी विषारी पानंही उगवतात. एक पान चुरगळलं की बोटांनाच लसणाचा वास राहतो, त्यामुळे नुसत्या वासावर जाऊ नकोस. जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय तोडू नकोस. ऑगस्टमध्ये पर्शोरचे पिवळे प्लम, अर्धकच्चे असताना त्यांची गूळ घालून चटणी करायची. ऑक्टोबरच्या अखेरीस दुकानात ढिगाने येणारे केशरी भोपळे कोरायला असतात, ते पाणचट. घारग्यांसाठी निळसर राखाडी सालीचा 'क्राउन प्रिन्स' शोध. ब्रसेल्स स्प्राउट्स थंडी पडल्यावर गोड होतात. उकडून खाऊ नकोस, कोबीसारखे चिरून मोहरी-खोबऱ्यात परत.

नाताळातल्या मिन्स पायमध्ये मिन्समीट असतं. नावात मांस असलं तरी आत मनुका, बेदाणे, संत्र्याची साल आणि मसाला. पण त्यात सूएट म्हणजे गाईची चरबी असू शकते. वेष्टनावर शाकाहारी असल्याचं लिहिलंय का ते पाहूनच घे. चीजचंही पाहूनच घे, ते विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. आणि वूस्टरचा जगप्रसिद्ध सॉस, १८३७ पासून विकला जातो, त्यात आपली चिंच आहे हे खरं, पण अँकोव्ही मासेही आहेत. चीज टोस्टवर तो हमखास शिंपडतात. उलट कस्टर्ड पावडर तू बिनधास्त खा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती केलीच मुळी बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. पबमध्ये मात्र ताजं कस्टर्ड अंड्याचं असू शकतं, तिथे विचारायचं.

आता बांधाबांध. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ आण. तूप, पेढे, खवा आणू नकोस. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ भारतातून आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. तुपासाठी इथलं बिनमिठाचं लोणी उत्तम, अडीचशे ग्रॅमच्या चार वड्या एकदम कढव. बासुंदीला जर्सी गाईचं सोनेरी झाकणाचं दूध घे. आपला मिक्सर चालतो, वीज तीच २३० व्होल्ट, फक्त प्लग वेगळा. कढई आणि तवा सपाट बुडाचेच घे, आणि इंडक्शनवर चालणारे. भाड्याच्या घरात गॅस मिळेलच असं नाही. पाणी जड असेल तर डाळ लवकर शिजत नाही, रात्री भिजत घाल आणि कुकर सोडू नकोस. दही लावायला ओव्हन बंद ठेवून नुसता त्यातला दिवा लाव. फोडणी देताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, नाहीतर धुराचा अलार्म ओरडतो. लोकरीचे कोट दुसऱ्या खोलीत ठेव, फोडणीचा वास त्यांत आठवडाभर राहतो.

मुलगी सहा वर्षांची, म्हणजे बहुधा इयर टूमध्ये जाईल. त्या वर्गापर्यंत शाळेचं दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट असतं, शाकाहारी पानही असतं. डबा दिलास तर शेंगदाण्याची चटणी, दाण्याचा लाडू देऊ नकोस. कित्येक शाळांत दाणे आणि सुकामेवा आणायला बंदी आहे, कुणा मुलाच्या जिवावर बेततं. तिच्या मैत्रिणीच्या आईने "टीला या" म्हटलं तर ते बहुधा संध्याकाळचं जेवण असतं. घरून जेवून जाऊ नका.

आणि पब. तू भितेस ती याच गोष्टीला, आणि मला वाटतं तू इथे सगळ्यात आधी जायला हवं ते तिथेच. खेड्यातला पब म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, पायाशी कुत्रा झोपलेला, एका टेबलावर कुणाच्या तरी पोरीचा वाढदिवस चाललेला. लाइम अँड सोडा मागवून तीन तास बसलीस तरी कुणी वळून बघणार नाही. फक्त सायडर म्हणजे सफरचंदाचा रस समजू नकोस. इथे तो बिअरइतकाच चढतो, आणि आमच्या भागात घरोघरी आवडीचा.

टेबल पकडायचं, त्याचा नंबर पाहायचा, मग बारवर जाऊन सांगायचं आणि बहुतेक ठिकाणी तिथेच पैसे द्यायचे. वेटरची वाट पाहत बसू नकोस, आम्ही पहिल्यांदा पाऊण तास बसलो होतो. स्वयंपाकघर दुपारी साधारण १२ ते २ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालू असतं. मधल्या वेळात पब उघडा असला तरी जेवण मिळत नाही. रविवारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि भाज्यांच्या जेवणासाठी, आधी फोन करून जागा राखायची.

शाकाहारी माणसाने तिथे काय विचारायचं, ते मी फार वाईट रीतीने शिकले. सासूबाईंना घेऊन एका पबमध्ये रविवारी गेलो. त्यांच्यासाठी नट रोस्ट, म्हणजे मांसाऐवजी सुक्यामेव्याचं केलेलं, सांगितलं, सोबत भाजलेले बटाटे. त्यांना ते फार आवडले, वर कुरकुरीत, आत लोण्यासारखे. मी कौतुकाने वाढणाऱ्या मुलीला विचारलं, हे कसे करता? ती म्हणाली, बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नसे, पण माझा चेहरा त्यांनी वाचला. हात धुऊन आल्या, गाडीत बसल्या, आणि घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. रात्री मला म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं. पण आता विचारत जा." तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारते. बटाटे आणि चिप्स कशात तळता? ग्रेव्ही भाजीची आहे का? रोस्टबरोबरचं यॉर्कशर पुडिंग कुठल्या चरबीत भाजलंय? (ते गोड नसतं, पिठाचा फुगीर पावासारखा प्रकार असतो, आणि त्यात अंडं असतंच.) विचारायचा संकोच करू नकोस. १४ प्रकारचे अ‍ॅलर्जीचे घटक विचारल्यावर सांगणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे प्रश्नांची त्यांना सवय असते. आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात.

सगळ्यात निर्धास्त म्हणजे प्लाउमन्स लंच, चीज आणि हॅम, म्हणजे डुकराचं मांस, यांबद्दल तेवढं विचारून. जाड पाव, चीजचा तुकडा, व्हिनेगरमधला कांदा, आंबटगोड लोणचं, सफरचंदाची फोड. नावाचा अर्थ नांगरणाऱ्याचं दुपारचं जेवण. नाव चीज विकणाऱ्यांनी गेल्या शतकात लोकप्रिय केलं, पण भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाल्लेल्या माणसाला ते ताट ओळखीचंच वाटतं.

ब्रेटफर्टन गावातल्या फ्लीस इनमध्ये तुम्हाला मी स्वतः नेईन. जुनं शेतघर, १८४८ मध्ये त्याचा पब झाला. शेवटच्या मालकीणबाईंनी १९७७ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. शेकोटीसमोरच्या फरशीवर चेटकिणी धुराड्यातून येऊ नयेत म्हणून रंगवलेली वर्तुळं आहेत, तुझ्या लेकीला ती दाखवायची आहेत. मेच्या अखेरीस तिथे अ‍ॅस्परॅगसच्या जुड्यांचा लिलावही होतो.

तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी पोचाल, तेव्हा कुंपणांवर शेवटच्या ब्लॅकबेरी असतील आणि घरांच्या फाटकांशी ब्रॅमलीच्या टोपल्या, 'घेऊन जा' अशी पाटी लावलेल्या. खरंच घ्यायच्या असतात त्या, चोरी नाही. पाच-सहा फळं आण, मेथांबा कर, आणि पुढच्या आठवड्यात एक बरणी त्याच फाटकाशी नेऊन दे.