शांत पीसी जोडायचाय ना, मग आधी ते कोटेशन बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला वन बीएचके आहे, बेडरूममध्येच मराठी ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग चालतं, जुना पीसी इतका घोंघावतो की माईकमध्ये येतो, म्हणून आता पार्ट आणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जोडायचाय, बजेट ७० हजार, आणि दुकानातून मिळालेलं कोटेशन बरोबर आहे का ते सांगा. बघितलं. इंटेलचा 'के' वाला प्रोसेसर (वेग वाढवता येणारा, म्हणून जास्त तापणारा), २४० एमएमचा लिक्विड कूलर, पुढून काच असलेलं कॅबिनेट आणि त्यात सहा रंगीत फॅन, एक ग्राफिक्स कार्ड, २ टीबीची हार्ड डिस्क, आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) पुढे नुसतं '६०० वॅट', ना कंपनी ना मॉडेल.

दुकानदाराची चूक नाही हो, हल्ली 'चांगला पीसी द्या' म्हटलं की सगळे गेमिंगचाच देतात. पण तुमच्या कामासाठी यातलं जवळजवळ सगळंच उलटं आहे.

पीसीचा आवाज मुख्यतः फॅनचा, आणि फॅन जोरात फिरतो तो आत गरम झालं म्हणून. त्यामुळे 'सायलेंट' लिहिलेले फॅन शोधत बसण्याआधी मुळात उष्णताच कमी तयार होईल असं बघायचं. मी एएमडीचा राईझन ५ ७६०० प्रोसेसर घेईन, पुढे 'एक्स' नसलेला. कागदावर हा ६५ वॅटचा आणि ७६००एक्स १०५ चा, पण प्रत्यक्षात फुल लोडला पहिला ८८ पर्यंत खेचतो आणि दुसरा १४२ पर्यंत, आणि ऑडिओ एडिटिंगमध्ये दोघांतला फरक तुम्हाला कळणारसुद्धा नाही. शिवाय ७६०० मध्ये साधं ग्राफिक्स आतच आहे, मॉनिटर थेट मदरबोर्डला लागतो, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कटाप. तेवढे दोन-तीन फॅन कमी, कार्डाच्या कॉइलची ती बारीक किणकिण कमी, आणि कोटेशनमधला बहुतेक सगळ्यात मोठा आकडाही गेला. फक्त एक सांभाळा, दुकानात कोणी 'त्यापेक्षा ७५००एफ घ्या, स्वस्त पडेल' म्हणालं तर नको म्हणा, त्या 'एफ' चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, घरी येऊन सगळं जोडाल आणि स्क्रीन काळीच राहील.

लिक्विड कूलरचं नाव ऐकून शांत वाटतं, पण त्यात पंप असतो आणि तो पीसी नुसता चालू असला तरी फिरतोच, रात्री शांततेत ती बारीक घरघर मला तरी फॅनपेक्षा जास्त छळते. साधा टॉवर एअर कूलर घ्या. थर्मलराईटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूलचा एके४००, दोन्हींची उंची १५५ एमएम, ती एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि कॅबिनेटच्या बॉक्सवर किती उंचीचा कूलर बसतो ते वाचा, इथेच पहिल्यांदा जोडणारे फसतात, बाजूचं झाकण लागतच नाही मग. नॉक्टुआ कंपनीचे कूलर भारी आहेतच पण त्या पैशात तुमचा माईक स्टँड येईल. प्रोसेसरबरोबर फुकट कूलर येतो तो टाकाऊ नाही, पण लहान आहे, त्याला तेवढंच काम करायला जोरात पळावं लागतं.

हे गणित एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे: फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट सारखे दोन फॅन शेजारी लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे एक पळणारा फॅन ठेवण्यापेक्षा तीन रांगणारे ठेवायचे. पण सहा नकोत. आणि कॅबिनेटबरोबर येणाऱ्या रंगीत फॅनची वायर तपासा, बऱ्याचदा त्यांना मोलेक्सचा मोठा प्लग असतो, तो थेट एसएमपीएसला जातो आणि फॅन कायम फुल स्पीडला, तुमच्या हातात काहीच नाही. चार पिनचे पीडब्ल्यूएम फॅन हवेत, म्हणजे बोर्ड ज्यांचा स्पीड कमीजास्त करू शकतो असे, आर्क्टिकचे पी१२ पीडब्ल्यूएम चालतील. बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड घेताना फॅनची हेडर (फॅनची वायर लावायच्या पिना) किमान चार आहेत ना एवढं मोजा, बोर्डात मी याहून जास्त डोकं घालणार नाही.

कॅबिनेटवर मात्र वाद होतो. आतून फोम लावलेली, सगळीकडून बंद 'सायलेंट' कॅबिनेटं मिळतात आणि वाटतं की आवाज कोंडला की झालं. आवाज कोंडतो तसा गरमपणाही कोंडतो राव. थंड देशात ठीक असेल, पण पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर ४० आणि तुम्ही रेकॉर्डिंगसाठी खिडक्या लावून वरचा फॅन बंद करून बसणार (तो बंद केल्याशिवाय पीसीचा आवाज ऐकूच येत नाही ही वेगळी गंमत), म्हणजे खोलीतच ३४-३५. खोली जितकी तापेल साधारण तितकेच आतले पार्ट वर सरकतात, मग फोमच्या आत फॅन बोंबलणार. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, पुढे दोन फॅन हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की ती मुख्यतः फिल्टरमधूनच येते, फटीफटीतून धूळ शिरत नाही. धुळीचं हलक्यात घेऊ नका, आमच्याकडे सिंहगड रोडच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा महिन्यात फिल्टरवर गोधडी जमायची. नळाखाली धरा, वाळवा, परत लावा. ब्लोअर मारणार असाल तर फॅनचं पातं बोटाने धरून मग मारा, नाहीतर तो भिंगरीसारखा पळतो आणि बेअरिंगची वाट लागते.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका, खरं तर ग्राफिक्स कार्डाचे वाचलेले इकडेच आणि रॅममध्ये घाला. ५५० वॅट, ८० प्लस गोल्ड (कमी वीज वाया घालवतो, म्हणून कमी तापतो), मोठ्या फॅनचा, आणि कमी लोडवर फॅन पूर्ण बंद ठेवणारा. तुमची मशीन रेकॉर्डिंग करताना शंभर वॅटच्या आतच खेळेल, तेवढ्याला त्याचा फॅन बहुतेक वेळ हलणारही नाही. रॅम १६ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर५, भाव सारखा वरखाली होतो म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. एसएसडी जेन ४ (चौथ्या पिढीची) १ टीबी, त्यापुढच्या जेन ५ च्या नादाला लागू नका, त्या जास्त तापतात.

आता हार्ड डिस्क. माझा पहिला 'शांत' पीसी मी जोडला तेव्हा मुलगी तान्ही होती, त्याच खोलीत झोपायची, आणि सगळे फॅन मंद करूनही रात्री एक घुमणारा आवाज राहायचाच. किचनमधल्या फॉइलची पुठ्ठ्याची नळी कानाला लावून कॅबिनेटभर फिरवली डॉक्टरसारखी, तेव्हा कळलं की हार्ड डिस्क आहे आणि तिच्यामुळे अख्खा पत्रा थरथरतोय. स्क्रू काढले, तुळशीबागेतून लेंग्याला घालतो तसलं इलॅस्टिक आणलं, आणि डिस्क दोन पट्ट्यांवर झोळीसारखी टांगली. आवाज गेला. बायको म्हणाली, पाळणा कुणासाठी बांधलाय. तुम्हाला हे सगळं करायची गरज नाही, डिस्क पीसीत ठेवूच नका. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, तो घूं आवाज नेमका पुरुषी आवाजाच्या पट्टीत येतो, नॉइज रिडक्शन लावून तो काढायला गेलात की निवेदकाचा आवाजही कुरतडला जातो. २ टीबीची ती डिस्क बाहेरच्या केसमध्ये घाला, रेकॉर्डिंग झालं की लावा, बॅकअप घ्या, काढून ठेवा.

पीसी सनमायकाच्या पोकळ टेबलावर ठेवू नका, ते टेबल म्हणजे डग्गाच असतो. किचनच्या कामातला कडप्प्याचा तुकडा पडलेला असतोच कुणाकडे तरी, तो घ्या, खाली जुन्या योगा मॅटचे चार चौकोन, वर पीसी. माईक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असेल तर त्याची पाठ पीसीकडे करा, पाठीमागून तो सगळ्यात कमी ऐकतो.

जोडताना दोनच गोष्टींना घाबरायचं, बाकी सगळं लेगोच्या लायकीचं आहे. या प्रोसेसरला पिना नाहीत, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत, तिथे बोट, स्क्रूड्रायव्हर, काहीही पडू देऊ नका. सॉकेटवरचं काळं झाकण आधी काढायचं नाही, प्रोसेसर ठेवून दांडी दाबली की ते आपलं आपण उडतं, आवाज येतो, दचकू नका. आणि कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय का ते प्रोसेसरवर थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) लावायच्या आधी दोनदा बघा. मी हसतोय कारण मी ते एकदा विसरलोय, शांत पीसी म्हणून चालू केला आणि मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट चालल्यासारखा आवाज. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहील, डीडीआर५ रॅमची तपासणी चालू असते, चहा ठेवा, बटण दाबून बंद करू नका.

आणि मग खरं काम, जे बहुतेक जण करतच नाहीत. कानाला त्रास नुसत्या आवाजाचा होत नाही, आवाज बदलण्याचा होतो. एकसारखी मंद सळसळ पाच मिनिटांत ऐकू येईनाशी होते, पण दर वेळी क्रोम उघडलं की वूंऽऽ, बंद केलं की खाली, हे डोक्यात जातं, आणि रेकॉर्डिंगमध्ये तर एकसारखी सळसळ काढता येते, चढउतार काढता येत नाही. राईझनचं तापमान एका क्लिकने १५-२० डिग्री उडी मारतं आणि बोर्ड लगेच फॅन पळवतो. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग) जाऊन प्रोसेसरच्या फॅनचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती स्पीड ती रेघ, ७० डिग्रीपर्यंत सपाट ठेवा, ३५ टक्क्यांच्या आसपास, तिथून पुढे हळू चढवा, आणि 'स्टेप अप' किंवा 'डिले' नावाची सेटिंग मिळेल ती जास्तीत जास्त करा. कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानाला नको, बोर्डाच्या सेन्सरला बांधा. हे राईझन ९५ डिग्रीपर्यंत चालायलाच बनवलेत, ७५ दिसलं म्हणून जीव टांगणीला लावू नका. इको मोडमध्ये (प्रोसेसरला कमी वीज देणारी सेटिंग) ४५ वॅटवर बसवून बघा, मी बसवलाय, एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. आणि हे सगळं डिसेंबरात जमवलंत तर एप्रिलमध्ये परत एकदा बघावं लागेल, माझ्याकडे बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह आहेत, 'उन्हाळा' आणि 'इतर'.

बरं, हे सगळं करायच्या आधी आज रात्रीच एक करा. तुम्ही म्हणता रेकॉर्डिंगमध्ये 'घूंऽऽ' येतो. तो खोलीत उभं राहून कानाला येतो का? कानाला येत नसेल आणि फक्त हेडफोनवर येत असेल तर तो बहुतेक फॅन नव्हे, ५० हर्ट्झची वीज आहे, अर्थिंग नीट नाही. एखादा लॅपटॉप घ्या, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, त्याच माईकने अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, घूं गेला असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, जुन्या सोसायट्यांत तिसरी पिन कित्येकदा नुसती शोभेची असते. आणि गुरुवारी लाईट जाते म्हणून यूपीएस घेणार असाल तर त्यालाही फॅन असू शकतो, वायर लांब घेऊन तो हॉलमध्ये ठेवा.

नवी लिस्ट घेतलीत की इथेच टाका. एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहा, '५५० वॅट गोल्ड' एवढंच नको, आणि ती बॅटरीवरची अर्ध्या मिनिटाची क्लिप ऐकवता आली तर फार बरं.